दार लावून घेतलेला फोन, आणि ह्या आठवड्याची बाकीची पत्रं

नमस्कार मंडळी. पाऊस तोंडावर आलाय, लोणच्याच्या कैऱ्या फोडून झाल्यात, आणि ह्या आठवड्याला पत्रांचा गठ्ठा नेहमीपेक्षा जाड आहे. नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. हे एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून २०१३ ला रिटायर झाले, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, २०१७ ला सुटले. राहतो सांगलीत. रविवारी सकाळी हे चहा करतात, दोन पेपर येतात, आम्ही एकमेकांना वाचून दाखवतो आणि मग तुमची पत्रं उघडतो. बातमी बाहेरची असते पण ती घरात शिरली की तिचं काय होतं, भांडण होतं का भीती वाटते का कुणी गप्प बसतं, त्याचीच पत्रं आम्हाला जास्त येतात आणि आम्हालाही त्यातलंच कळतं. जिथं उत्तर ह्यांचं आहे तिथं तसं लिहिलंय. नावं आम्ही छापत नाही, गाव तेवढं देतो.

प्रश्न (कऱ्हाडहून एक ताई): माझे मिस्टर ७२ वर्षांचे आहेत. दोन महिन्यांपूर्वी त्यांना व्हिडिओ कॉल आला, पोलिसाच्या ड्रेसमधला माणूस, म्हणाला तुमच्या आधारवर पाठवलेल्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. दीड दिवस हे खोलीत दार लावून बसले, मला सांगितलं पेन्शनचं ऑनलाइन काम आहे. १ लाख ८० हजार पाठवले. एफडी मोडायला बँकेत गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीला संशय आला म्हणून बाकीचे वाचले. आता मुलगा रोज फोनवर म्हणतो बाबा तुम्ही रोज पेपर वाचता तरी कसे फसलात. हे बोलतच नाहीत, पेपर वाचणंही सोडलंय. मी काय करू?

उत्तर: ताई, आधी मुलाला सांगा की "कसे फसलात" हा प्रश्न आजपासून बंद. त्याला उत्तर नसतं आणि ऐकणाऱ्याच्या काळजात ते रोज नव्यानं घुसतं.

आता मी जे लिहिते ते ह्यांना विचारून लिहितेय. गेल्या वर्षी मार्चमध्ये दुपारी साडेतीनला मी चहा घेऊन आतल्या खोलीकडे गेले तर दाराला आतून कडी. आमच्या लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली, दिवसाउजेडी ह्या घरात कुणी खोलीला कडी लावलेली मला आठवत नाही. मी हाक मारणार तेवढ्यात आतून एका माणसाचा हिंदी आवाज आला, "कमरे में कोई और है?" आणि हे म्हणाले, "नहीं." मी दारात उभी, हातात कप, आणि माझा नवरा परक्या माणसाला सांगतोय की कुणी नाही. ते "नहीं" मला अजून ऐकू येतं. कारण त्यांचं खरं काम तिथंच झालेलं असतं, पैसे नंतर जातात, पहिल्यांदा ते माणसाला घरातल्या घरात एकटं करतात. कुणाला सांगू नका, बायकोला सांगितलंत तर तिलाही आरोपी करू, फोन कट केलात तर दहा मिनिटांत गाडी येईल, असं चालू असतं. ज्या माणसानं आयुष्यभर नियमानं नोकरी केली, ज्याला कधी साधा मेमो मिळाला नाही, त्याला ह्याची जास्त भीती वाटते हे मी डोळ्यांनी बघितलंय. हे भोळेपण नाही हो, अब्रूची काळजी आहे.

मला काय सुचलं देव जाणे, मी दारावर थाप मारली आणि म्हणाले, "अहो, गॅस संपलाय, सिलेंडर बदलायचाय." आणि दार उघडलं. पोलिस पोलिस म्हणून ओरडले असते तर उघडलं नसतं, पण गॅस संपला म्हटल्यावर हात सवयीनं कडीकडे गेला असं हे नंतर म्हणाले. मी फोन घेतला आणि सरळ बंदच केला. पैसे गेले नव्हते. ह्यांचे हात मात्र तासभर थरथरत होते, पाणी पिताना ग्लास दाताला लागत होता.

त्यानंतर चार दिवस हे पण असेच गप्प होते ताई. मग काय उपयोगी पडलं ते सांगते. पाचव्या दिवशी मी म्हणाले, मला पहिल्यापासून सांगा, फोन वाजला तिथपासून, मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. सव्वा तास लागला. सगळं बाहेर आलं. आणि नंतर ह्यांनी स्वतःहून आमराईतल्या सकाळच्या ग्रुपमध्ये सांगितलं, आठ-नऊ जण असतात, तर त्यातले दोघं म्हणाले आम्हालाही आला होता, आम्ही घरात बोललो नाही. मास्तर लोक, बँकेतून रिटायर झालेले लोक. त्या दिवशी हे घरी आले तेव्हा चेहरा वेगळा होता. तुमच्या मिस्टरांनाही असं सांगायला एखादा मित्र हवा, आपल्याच वयाचा, मुलगा नको. मुलापुढे बापाला हे बोलणं जड जातं.

आणि त्यांना ही माहिती वाचून दाखवा, तुम्ही स्वतः, मोठ्यानं. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार कायद्यात नाहीच. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही. खरी अटक झाली तर कारण सांगावं लागतं आणि घरच्या माणसाला कळवावं लागतं, म्हणजे "कुणाला सांगू नका" हे वाक्य आलं की तिथंच ओळखायचं, पोलिसाचं काम ह्याच्या बरोब्बर उलट आहे. १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली त्यात तर साठीच्या वरच्या पुरुषाला आणि कुठल्याही बाईला साक्षीदार म्हणून जबाब घ्यायला पोलिस ठाण्यात बोलवता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये ह्याबद्दल सांगितलं होतं. आणि २०२५ मध्ये हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वयस्कर जोडप्यानं सुप्रीम कोर्टालाच पत्र लिहिलं, त्यांना कोर्टाच्या खोट्या ऑर्डरी दाखवून कोटीच्या वर रक्कम काढून घेतली होती, त्या पत्रावर कोर्टानं स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ ला असल्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. त्या दोघांनी लाज धरून पत्र लिहिलं नसतं तर? हे तुमच्या मिस्टरांना नक्की सांगा.

पैशाचं. तुम्ही १९३० ह्या सायबर हेल्पलाइन नंबरला फोन केला होता का ते पत्रात नाही. केला नसेल तर आजही करा, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा, तक्रार नंबर वहीत लिहून ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे पळवतात, त्यामुळे पहिल्या तास-दोन तासांत फोन गेला तर कुठंतरी होल्ड लागायची शक्यता जास्त, दोन महिन्यांनी ती कमी होते हे खरं आहे, पण तक्रार नसेल तर शक्यता शून्यच. होल्ड लागलेली रक्कम परत मिळायला बहुतेक वेळा कोर्टाचा आदेश लागतो, त्यासाठी तोच नंबर लागेल. बँकेतल्या त्या मुलीला दोघं मिळून पेढे देऊन या. मिस्टरांना सोबत न्याच.

प्रश्न (वाळवा तालुक्यातून एक निवृत्त शिक्षिका): मला सरकारी पेन्शन चांगली आहे. मिस्टर साखर कारखान्यातून रिटायर झाले, त्यांना ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची, १८०० रुपये मिळते. चष्मा बदलायचाय, वर्ष झालं, मला पैसे मागत नाहीत. मी दिले तर घेत नाहीत. घरात सारखा ताण.

उत्तर (ह्यांचं): वहिनी, हे पत्र हिनं वाचून दाखवलं आणि म्हणाली हे तुम्हीच लिहा, कारण आमच्या घरात डिट्टो हेच आहे. हिची पेन्शन माझ्या कितीतरी पट आहे, माझी दोन हजाराच्या आतबाहेर.

आधी हा आकडा कुठून येतो ते सांगतो, कारण मला स्वतःला ते कळल्यावर जरा हलकं वाटलं होतं. ईपीएस ९५ चं सूत्र असं की पेन्शनला धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. आता हा पगार म्हणजे आपला खरा पगार नाही, त्याला मर्यादा होती, २००१ पासून ६५०० रुपये आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार. आणि योजनाच नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली त्यामुळे त्याच्या आधीच्या वर्षांचे फार थोडे मिळतात. माझी १८ वर्षं धरली, ६५०० गुणिले १८ भागिले ७०, झाले १६७१, वर आधीच्या नोकरीचे थोडे. म्हणजे हा आकडा माझ्या कामाची किंमत नाही, एका सूत्राचं उत्तर आहे. रात्री दीडला मुक्कामी गाड्या लावून घेतल्या, दिवाळीच्या गर्दीत जादा फेऱ्या सोडल्या, ते ह्या सूत्रात कुठंच येत नाही. तुमच्या मिस्टरांनी सीझनमध्ये बॉयलरपुढं का काट्यावर काढलेल्या रात्री पण त्यात येत नाहीत. त्यांना हे गणित कागदावर मांडून दाखवा.

आणि ते फॉरवर्ड येतात ना, किमान पेन्शन ७५०० झाली म्हणून, त्यावर प्लीज विश्वास ठेवू नका. किमान १००० रुपये २०१४ ला झाले, त्यापुढं वाढवा म्हणून पेन्शनर लोक वर्षानुवर्षं आंदोलनं करतायत, मी पण दोनदा गेलोय. वाढ झाली की ती पासबुकात दिसेल, मोबाइलवर आधी नाही. ह्या खोट्या मेसेजनी माणूस दोन दिवस आशेवर राहतो आणि तिसऱ्या दिवशी आणखी खचतो, मी खचलोय.

आता घरातलं. पहिली दोन वर्षं मी पण मागायचो नाही. केस कापायला जायचं तरी पुढं ढकलायचो. मग हिनं एकदा काय केलं, फडताळात वरच्या खणात स्टीलचा डबा ठेवला, दर एक तारखेला त्यात पाच हजार टाकते आणि मी माझी पेन्शन काढून आणली की ती पण सगळी त्यातच. लागेल त्यानं लागेल तेवढे घ्यायचे, विचारायचं नाही, सांगायचं नाही, हिशोब लिहायचा नाही. हिशोब लिहायचा नाही हे महत्त्वाचं, आम्ही सुरुवातीला वही ठेवली होती तर मी वहीत लिहायला लागू नये म्हणून घ्यायचोच नाही. तर हातात दिलेले पैसे घेताना जे होतं ते डब्यातून घेताना होत नाही, का ते मला सांगता यायचं नाही पण होत नाही.

आणि दुसरं म्हणजे मी भाकरी शिकलो. साठाव्या वर्षी. हिचा खांदा धरला होता, फिजिओवाल्या बाईंनी सांगितलं थापायचं बंद. मी आयुष्यभर डेपोच्या कॅन्टीनमध्ये नाहीतर हिच्या हातचं खाल्लेलं. ज्वारीचं पीठ, उकळतं पाणी, चटका बसेल एवढं गरम असताना मळायचं, पहिल्या पंधरा दिवसांच्या सगळ्या भाकऱ्या कडेला चिरायच्या. ही शेजारी स्टुलावर बसून बघायची, हात लावायची नाही, फक्त म्हणायची पाणी कमी, आता परता, आता आरावर. ज्या दिवशी पहिली भाकरी टम्म फुगली त्या दिवशी मला वाटलं की ह्या घरात माझं काहीतरी आहे. पैशानं ते वाटलं नव्हतं आणि पैशाच्या कमीपणानं ते गेलंही नसतं, हे मला नंतर कळलं. तुमच्या मिस्टरांना घरातलं एक काम पूर्ण त्यांचं म्हणून द्या, मदत म्हणून नको, त्यांचंच. आणि चष्म्याच्या दुकानात दोघांचे डोळे तपासायला जा, तुमचाही नंबर बदलला असेलच.

प्रश्न (जतहून): मी ७४, सौ. ६८. एसटीचं तिकीट नक्की किती लागतं? आणि रेल्वेची सवलत सुरू झाली का?

उत्तर (ह्यांचं): ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. ७५ पूर्ण झाली की मोफत, ही योजना ऑगस्ट २०२२ पासून आहे. सौ.ना तर बाई म्हणूनच अर्धं, कुठल्याही वयाच्या बाईला १७ मार्च २०२३ पासून आहे ते. आधार जवळ ठेवा, मोबाइलमधला फोटो काढून दाखवत बसण्यापेक्षा कार्डच बरं. ७५ नंतरही कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो ते मागून घ्या, ते फाडलं तरच त्या प्रवासाचे पैसे शासनाकडून एसटीला मिळतात, लालपरी आपलीच आहे. तुम्ही जतचे म्हणून मुद्दाम सांगतो, विजापूरला जाताना सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, पुढचं पूर्ण तिकीट लागतं, त्यावरून कंडक्टरशी वाद घालू नका, त्याच्या हातात नसतं ते.

रेल्वेची मार्च २०२० ला बंद झाली, पुरुषांना ४० आणि बायकांना ५० टक्के होती, ती परत सुरू झालेली नाही. खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे, पुरुष ६० च्या वर आणि बाई ४५ च्या वर, तेवढं बुकिंग करताना वय बरोबर टाका.

प्रश्न (सांगली गावभागातून एक सूनबाई): सासूबाई ८४ वर्षांच्या. २०१९ च्या पुरात त्यांना बोटीतून काढलं होतं. आता पाऊस सुरू झाला की दिवसभर टीव्ही लावून बसतात, रात्री उठून पाण्याचा आवाज येतोय म्हणतात. टीव्ही बंद केला तर चिडतात. अलमट्टीचं पण ऐकलंय त्यांनी.

उत्तर: अगं, तुझं पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसले. आमच्याकडं त्या ऑगस्टला खिडकीच्या वरपर्यंत पाणी होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, आणि ते ५७ च्या वर गेलं होतं. माझ्या पहिल्या वर्गाचा फोटो, १९८१ चा, कपाटात होता, नंतर काढला तर मुलांचे चेहरे पुसून नुसता पांढरा कागद. तिकडं माणसं गेली, जनावरं गेली, मी फोटोचं काय सांगतेय, पण अजून जीव तुटतो. तेव्हा सासूबाईंना रात्री आवाज येतो तो खराच येतो, त्यांना नाही येत म्हणू नकोस.

टीव्ही बंद करण्यापेक्षा त्यांना काम दे. आमच्याकडं आम्ही असं करतो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सकाळी आणि संध्याकाळी तीनच आकडे लिहायचे, कोयनेत साठा किती आणि विसर्ग किती, आयर्विनला पाणी किती फूट, आणि नवजा-महाबळेश्वरला पाऊस किती. कोयना १०५.२५ टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) आहे, सहा वक्र दरवाजे, दरवाजे उघडले ही बातमी टीव्हीवर लाल अक्षरात फिरते पण दरवाजे एक फूट उघडले का दहा फूट आणि किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी, हे बघितल्याशिवाय तिला अर्थ नाही, आणि ते पाणी सांगलीला यायला वेळ लागतो, दरवाजा उघडला आणि दारात पाणी आलं असं होत नाही. शिवाय वारणा हरिपूरला येऊन मिळते, ती फुगली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, म्हणून नुसती कोयना बघून पण चालत नाही. सासूबाईंना हे सगळं तुझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, त्यांनी कितीतरी पूर बघितलेत. त्यांना आकडे लिहायला लाव, दिसत नसेल तर त्या सांगतील तू लिही. आकडा लिहिला की मधले बारा तास टीव्हीची गरज राहत नाही, आकडा वाढतोय का कमी होतोय हे भिंतीवर दिसत असतं.

अलमट्टीचं असं आहे की कृष्णेवरच्या ह्या कर्नाटकातल्या धरणाची उंची आत्ता ५१९.६० मीटर, ती ५२४.२५६ करायचा कर्नाटकचा विचार आहे आणि पाणी मागं आपल्याकडं फुगेल म्हणून सांगली-कोल्हापूरचा त्याला विरोध आहे, मोर्चे निघालेत, आपलं सरकारही कोर्टात भांडतंय. हे ह्या पावसाळ्यात एका रात्रीत होणारं काम नाही एवढं त्यांना समजावून सांग. आणि ग्रुपवर २०१९ चेच व्हिडिओ आत्ताचे म्हणून येतात, तुझ्या घरात ते कुणी मोठ्यानं लावायचे नाहीत.

एक गोष्ट खरंच करून ठेव. प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात आधार, पासबुकं, घराची कागदं, सासूबाईंच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या, आणि हा डबा त्यांच्यासमोर भर, त्यांना दाखवून माळ्यावर ठेव. ४० फुटाला आपण माधवनगरला अमक्याकडं जायचं, असं आत्ताच ठरवून त्यांना सांग. त्यांना भीती पाण्याची असेलच, पण मागच्या वेळी शेवटपर्यंत निघायचं का नाही हे कुणी ठरवलं नव्हतं, त्याची जास्त असेल असं मला वाटतं. आम्हाला तीच होती.

प्रश्न (नाशिकहून एक काका): बँकेत आता चार नॉमिनी करता येतात म्हणे. मुलगा कॅनडात, मुलगी इथं. नॉमिनी केले की मृत्युपत्राची गरज नाही ना?

उत्तर: आहे, काका. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला आणि ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी करता येतात, एकदम टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक असे. लॉकरला मात्र एकामागून एकच. पण नॉमिनी म्हणजे पैसे ज्याच्या हातात बँक देते तो, मालक तो होतोच असं नाही, मालक कोण हे मृत्युपत्रावरून किंवा वारसा कायद्यावरून ठरतं. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीत पण हेच सांगितलं. सोसायटीच्या फ्लॅटचंही तसंच, नॉमिनी लावला म्हणजे फ्लॅट त्याचा झाला असं नाही.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प ड्यूटी नाही, नोंदणी सक्तीची नाही पण करून घेतलेली बरी, दोन साक्षीदार पाहिजेत आणि ते शक्यतो ज्यांना काही मिळणार आहे त्यांच्यातले नकोत. पण मला तुमच्या पत्रात दुसरंच दिसलं. तुम्ही मुलीचा उल्लेख एकदाच केलात आणि काकूंचा केलाच नाहीत. तुमच्यामागं काकूंनी कुठल्या घरात राहायचं, कुणाच्या परवानगीनं राहायचं, हे आधी लिहा, मग मुलांचं. आणि लिहायच्या आधी काकूंना विचारा. आम्ही आमचं दोघांचं एकाच दिवशी केलं, टेबलाच्या दोन बाजूंना बसून, आणि एकमेकांचं वाचलं.

प्रश्न (बंगळुरूहून एक आजी): नातू आठ वर्षांचा. मराठी बोलतो पण वाचता येत नाही. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मी खूप आनंदानं सांगितलं तर म्हणाला "सो व्हॉट आजी". सून म्हणते शाळेत आधीच इंग्लिश, कन्नड, हिंदी आहे, आणखी ओझं नको.

उत्तर: सूनबाईंचं अगदी चूक नाही. आपल्याकडं २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला, केवढा गदारोळ झाला आणि २९ जूनला तो मागं घेतला, तेव्हा मी पण हेच म्हणत होते, लहान पोराच्या डोक्यावर एकावेळी किती लिप्या टाकायच्या. पण तुमच्या नातवाला हिंदी आहे म्हणजे त्याला देवनागरी येतेच की! नवीन लिपी शिकायचीच नाहीये. त्याला फक्त ळ दाखवायचाय, च आणि ज चे दोन दोन उच्चार सांगायचेत आणि वाचायला काहीतरी द्यायचंय. हे ओझं नाही, हे सूनबाईंना असंच सांगा, भांडून नको.

अभिजात दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ ला मिळाला तेव्हा मला रडू आलं होतं, मी बावीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला, ह्यांना विचारा. पण आठ वर्षांच्या मुलाला त्याचं काय. त्याला वाचायची गरज पडली पाहिजे. माझ्या शाळेत मी एक करायचे, कोपऱ्यात पत्र्याचे डबे ठेवायचे, शेंगदाणे, गूळ, चुरमुरे, आणि वर नावाच्या चिठ्ठ्या, शनिवारी जो वाचेल त्यानं तो डबा उघडायचा. पोरं गूळ हा शब्द ग-म-भ-न च्या आधी वाचायला शिकायची, ळ सकट. तुम्ही तुमच्या स्वयंपाकघरात डब्यांना चिठ्ठ्या लावा, तीळ, डाळ, मोहरी, हळद, आणि खाऊच्या डब्याची जागा रोज बदला, तो कुठल्या डब्याच्या मागं आहे ते चिठ्ठीवर लिहून ठेवा. बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट मिळतात, ती नंतर, आधी डबे.

आणि त्याला पोस्टकार्ड लिहायला लावा. अजून पन्नास पैशाला मिळतं. आमच्या नातवाचं पहिलं आलं होतं त्यात पाच ओळी होत्या आणि तीन चुका, मी एकही सुधारली नाही, उत्तर पाठवताना तेच शब्द बरोबर लिहून माझ्या वाक्यात घातले, पुढच्या कार्डात त्यानं आपोआप नीट लिहिले. तुमच्या गावाकडं कुणी असेलच, दीर, नणंद, मावशी, त्यांना आधी फोन करून सांगून ठेवा की कार्ड आलं की आठ दिवसांत उत्तर टाकायचंच, उशीर झाला तर पोराचा इंटरेस्ट जातो. नाहीतर इकडं पाठवा, मासिकाच्या पत्त्यावर, मी स्वतः उत्तर लिहीन. पत्ता त्यालाच लिहू दे, पिनकोडसकट.